कणकवलीचा रोलंडसन

विनोदी चित्रं काढायची खुमखुमी असलेल्या माणसानं गाव निवडताना एक पथ्य पाळावं, तिथं आपली सासुरवाडी नसावी. थॉमस रोलंडसन हा इंग्रज चित्रकार लंडनचा. माणसांची टर उडवायला तो वेल्सला जायचा, कॉर्नवॉलला जायचा. तिथं कुणाचं पोट, कुणाचं नाक, कुणाची घसरलेली टोपी कागदावर उतरवून घ्यायचा आणि गाडी धरून चालता व्हायचा. ज्याचं पोट काढलं त्याच्याच शेजारी रात्री पानावर बसायची पाळी त्याच्यावर बहुधा आली नसावी. माझ्यावर आली. कणकवलीत, ऐन गणपतीत.

रोलंडसनची आणि माझी गाठ ठाण्यात एका रद्दीवाल्याकडे पडली. पुठ्ठा सुटलेलं, इंग्लिश जलरंगचित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. रद्दीवाला ते किलोवर द्यायला तयार नव्हता, म्हणजे त्यात काहीतरी असणार असं समजून मी घेतलं. घरी येऊन उघडलं आणि हा गृहस्थ भेटला. जन्म १७५७, मृत्यू १८२७. काकूकडून आलेला वारसा त्यानं जुगाराच्या टेबलावर उडवला आणि मग पोटासाठी हात चालवत राहिला. त्याच्या ऐन उमेदीत, १७८४ साली, इंग्लंडात टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या. पहिली ब्रिस्टलहून लंडनला धावली. त्याच साली हा पठ्ठ्या हेन्री विगस्टेड नावाच्या मित्राला घेऊन आइल ऑफ वाइटच्या सहलीला निघाला आणि वाटेतलं सगळं चितारत गेला. गाडीत चढताना अडकलेली बाई, तिला खालून रेटणारा नवरा, टपावर स्वस्तात बसलेली आणि पावसात भिजलेली मंडळी, सुटलेलं बोचकं, मधेच कडमडलेलं कुत्रं. रेषा मात्र अशी लडिवाळ, की ज्याची फजिती चाललीय त्यालाही चित्र घरात लावावंसं वाटेल.

त्याच पुस्तकात डॉक्टर सिंटॅक्सही भेटला. हा एक किडकिडीत, गरीब शाळामास्तर. निसर्गरम्य स्थळं शोधावीत, त्यांची चित्रं काढावीत, पुस्तक छापावं आणि श्रीमंत व्हावं म्हणून तो ग्रिझल नावाच्या मरतुकड्या घोडीवर बसून निघतो. वाटेत दरोडेखोर त्याला झाडाला बांधतात, बैल मागे लागतो, एका सद्गृहस्थाच्या बंगल्याला तो खानावळ समजून आत शिरतो, आणि पडक्या किल्ल्याचं चित्र काढता काढता पाण्यात पडतो. चित्रं रोलंडसनची. पद्यं विल्यम कूम नावाच्या कर्जात बुडालेल्या लेखकाची. बंदिवासात बसून, दर महिन्याला हाती येणाऱ्या चित्रावर तो कविता पाडायचा. पुस्तक निघालं १८१२ साली. तेव्हा इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची गादी होती.

एवढं वाचल्यावर शहाण्या माणसानं पुस्तक मिटून ठेवलं असतं. मी स्वतःला रोलंडसन समजलो. त्या पुस्तकात दुसरी जागाही रिकामी होऊ शकते, ती डॉक्टर सिंटॅक्सची, हे काही ध्यानात आलं नाही.

विषय तर समोर वाढून ठेवलेला होता. इंग्लंडच्या घोडागाड्या गेल्या त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली, पण गणपतीला मुंबईहून कोकणात जाणारा चाकरमानी अजून आहे, आणि त्याचं सामान तर रोलंडसनच्या टपावर मावणारच नाही. कणकवली स्टेशन, गाडीतून ओसंडणारी माणसं, मखराचे पुठ्ठे, मृदंग, कुकर, म्हातारी, पोरं. जलरंगात काढून काढून किती काढाल? मी बायकोला बेत सांगितला. ती म्हणाली, "बासरीचं काय झालं?" कलावंताच्या घरात हे चालायचंच, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

सासुरवाडीला चार दिवस आधीच पोचलो. रोलंडसन म्हणे बाह्यरेषा बोरूनं काढायचा, तीही काळ्या शाईत हिंगुळाचा तांबूस रंग मिसळून. बोरू आजकाल दुकानात मिळत नाही. मेव्हण्यानं परड्याच्या कडेचं एक काडं कोयत्यानं तोडून आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. मी ब्लेडनं ते सोलायला लागलो तेव्हा पडवीत पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना राहवेना. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, स्वतः लहानपणी बोरूनं पुस्त्या गिरवलेले. त्यांनी चष्मा वर केला, काडं उजेडाकडे धरून पेर बघितलं, पेराच्या खाली दोन बोटं जागा सोडून तिरका छेद घेतला, आतला भेंड नखानं खरवडून काढला, टोक पाटीवर ठेवून एका दाबात छाटलं आणि मधोमध अशी बारीक चीर दिली की दिसलीसुद्धा नाही. मग शाईत बुडवून पेपरच्या कडेला 'श्री' काढला. एक पाय जाड, एक पाय बारीक, बघत राहावा असा. माझ्या सबंध चित्रप्रवासातली सगळ्यात देखणी रेषा ती, आणि ती सासऱ्यांनी काढली होती.

रंगांचं म्हणाल तर रोलंडसनच्या तरुणपणी रीव्ह्ज नावाच्या भावांनी जलरंगाच्या घट्ट वड्या काढल्या. लंडनच्या कलासंस्थेनं १७८१ साली त्याबद्दल त्यांना बक्षीसही दिलं. तोवर चित्रकारानं रंग घोटत बसायचे. आता डबी खिशात टाकून कुठंही जाता येऊ लागलं. माझ्याकडे वड्यांच्या पुढची सुधारणा होती, नळ्या. त्यातल्या हिरव्या नळीचं झाकण अडकलं होतं. मी पक्कड आणली आणि पिरगळलं. झाकण जिथल्या तिथं राहिलं, नळीच पिळवटली, आणि होता नव्हता तो सगळा हिरवा रंग मागच्या बाजूनं पडवीच्या लादीवर आला. सासूबाईंनी त्यावर मीठ टाकलं, मग लिंबू चोळलं, मग माझ्याकडे बघितलं.

निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो हे बालवाडीत शिकवतात. पण माझा पिवळा पडला मातकट, त्यामुळे जे झालं ते भिजलेल्या गोणपाटाच्या रंगाचं. भाद्रपदातल्या कोकणात हिरव्या रंगाशिवाय चित्र काढायला बसणारा मी पहिलाच असेन. सरावाचं चित्र सासऱ्यांना दाखवलं. घर, मागे डोंगर, समोर भातशेती. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "जावईबापू, ही कणकवली की जत?"

पहिला प्रयोग उड्डाणपुलाखाली करायचं ठरलं. महामार्ग चौपदरी झाल्यापासून कणकवलीला हा एक मोठा आडोसा झाला आहे. वरून गोव्याच्या गाड्या जातात, खाली कणकवली पावसापासून बचावून उभी असते. मी खांबाच्या कडेला घडीचं स्टूल टाकलं, मांडीवर फळी घेतली, एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून अंतर मोजलं. तेवढ्यानं घात झाला. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले.

"साहेब, आता खंयची मोजणी?"

"मोजणी नाही हो. चित्र काढतोय."

"ता आमका कळता. आदी इले ते पण चित्रच काढी होते." त्यांनी खाली वाकून कागद बघितला. "माजे दोन आंबे आणि येक कापो फणस. फणस दाखवलास मां?"

मी परोपरीनं सांगितलं, की मी सरकारी माणूस नाही, हे नुसतं हौसेचं काम. त्यावर ते मंद हसले. सरकारी माणूस आपण सरकारी आहोत हे कधी कबूल करतो काय, असं त्या हसण्यात होतं. तोवर आणखी पाचसहा जण गोळा झाले. कुणाचे माड, कुणाची विहीर, कुणाचं वाडवडिलांचं तुळशीवृंदावन. आजोबा हटायला तयार नव्हते, म्हणून मी पुलाच्या खांबाला लागून एक फणस काढला. तो त्यांना लहान वाटला. "पन्नास वर्सांचो आसा तो," म्हणून बुंधा जाड करून घेतला. मग बाकीच्यांनीही हक्क सांगितला. दुपारपर्यंत माझ्या चित्रातल्या उड्डाणपुलाखाली एक दाट राई उगवली होती, गोणपाटाच्या रंगाची.

शेवटी गर्दीतून कुणीतरी निरखून बघत म्हणालं, "ह्ये आमच्या मास्तरांचे जावय मां?" झालं. मोजणीचा विषय तिथंच मिटला आणि चहा आला. एक आला, दुसरा आला, तिसऱ्याबरोबर खाजाही आला. कुणाची आत्या माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या शेजारची निघाली. समोरच्या टपरीवाल्याचं नाक मी सकाळपासून हेरून ठेवलं होतं, खास रोलंडसनी नाक. पण त्याच्या हातचा चहा पिऊन तेच नाक बोटभर लांब काढायचं कसं? मी ते नीटनेटकं काढलं. चित्र कुठल्याशा सहकारी पतपेढीच्या दिनदर्शिकेवर शोभण्याइतकं सभ्य झालं.

रात्री सासरे म्हणाले, चित्रांबरोबर हिंडायचं असेल तर पिंगुळीला जाऊन या. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रांच्या पोथ्या घेऊन गावोगावच्या देवळांत जायचे, एकेक चित्र पुढे धरायचे आणि त्याची कथा गाऊन सांगायचे. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सासऱ्यांनी म्हणे वाडीत पेढे वाटले होते. "तिथं चित्रवाला चित्राची गोष्ट सांगतो," सासरे म्हणाले. "तुमच्या चित्राची गोष्ट बघायला येणारेच सांगतात. थोडं उलटं होतंय." बायको आत जाऊन हसली. भिंत पातळ होती.

मग स्टेशनाचा दिवस आला. सासऱ्यांच्या पिढीनं हा प्रवास आधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं केला, मग रात्रभर येष्टीत उलट्या करत केला. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीपासून पुरती धावायला लागली. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. तेव्हापासून चाकरमान्याच्या सामानाला मर्यादा राहिली नाही, असं सासऱ्यांचं मत. मी फलाटाचं तिकीट काढून, छपराखालचा एक खांब पकडून बसलो. दादरहून मध्यरात्री सुटून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस यायची होती. तिला आधी राज्यराणी म्हणत. केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी नाव पडलं. कवितेचं नाव लावलेल्या गाडीतून माणसं कशी उतरतात ते मला टिपायचं होतं.

गाडी आली आणि मी टिपायच्या आधीच माणसं उतरून माझ्या अंगावर आली. दारातून पहिल्यांदा मृदंग आला. मग घडी घातलेलं मखर, ते दारात आडवं अडकलं. आतून कुणी ओरडत होतं "तिरक्या कर", बाहेरून कुणी ओरडत होतं "उबा धर". मखराच्या खालून एक पोरगं सुटून बाहेर आलं. मग मिक्सरचं खोकं, कांद्यांची गोणी, विजेच्या माळांचा गुंडा, आणि एक म्हातारी. तिला दोघांनी सामानासारखं उचलून खाली ठेवलं, आणि खाली ठेवताक्षणी तिनं बाकीच्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली. आणि मग दारात एक असं पोट अवतरलं, की मी देवाचे आभार मानले. त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, दातात तिकिटाचा कागद, गळ्यात हारासारखी अडकवलेली कसली तरी तोरणं. पाठीमागून एक नातू दोन्ही हातांनी त्याला ढकलत होता. रोलंडसनच्या घोडागाडीतली बाई आत ढकलली जायची. इथं गृहस्थ बाहेर ढकलले जात होते, एवढाच काय तो फरक.

बोरू असा चालला की सांगता सोय नाही. पोट एका रेषेत आलं. नातू दोन रेषांत. पिशव्या मोजून मोजून काढल्या. नातवाच्या डोक्यावर एक मोठी हिरवी पिशवी होती. पण हिरवा रंग पडवीच्या लादीवर होता. पिशवी निळी करावी तर शेजारी निळं मिक्सरचं खोकं, तांबडी करावी तर म्हातारीचं लुगडं. मी पिशवीच गाळली आणि नातवाचं डोकं नुसतं ठेवलं. रचना मोकळी झाली असंही मनाशी म्हणून घेतलं.

मग रंग भरायला बसलो आणि भाद्रपदानं आपला इंगा दाखवला. हवेत एवढी ओल होती की दिलेला हात सुकेचना. एका गृहस्थाचा निळा शर्ट फुटून शेजारच्या बाईच्या पिवळ्या साडीत शिरला. हे माझ्या पाठीशी उभ्या असलेल्या मंडळींच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी त्या दोघांविषयी काही तर्क केले. आणि तिथं, नको त्या जागी, दोन दिवस शोधत होतो तो सुरेख हिरवा रंग आपोआप तयार झाला.

छपरातून एक धार नेमकी माझ्या रंगांवर पडत होती. जवळच कुणाचं तरी एक गाठोडं टेकवलेलं दिसलं, कोरडं आणि चांगलं गुडघाभर उंच. त्यावर मी माझा पंचा अंथरला, पंच्यावर रंगांचा डबा ठेवला, पाण्याचा पेला ठेवला आणि निवांत झालो.

गर्दी पांगली तेव्हा ते पोट माझ्याकडे वळलं. "ओ जावयबापू! वळाखलास काय?" मी ओळखलं नव्हतं. बायकोचे चुलत काका, आबाकाका. लग्नात एकदा बघितले होते, तेव्हा पोट कोटाच्या आत होतं. कागद लपवायला वेळच मिळाला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. मी मनातल्या मनात सासऱ्यांच्या घरून परतीची गाडी कधी आहे ते आठवायला लागलो.

"ह्यो मी?" ते म्हणाले. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी घरच्या सगळ्यांना हाक मारली. "बगा गो! जसाच्या तसा! पोट पण बरोबर आसा." सबंध कुटुंब चित्रावर वाकलं. म्हातारीनं स्वतःला ओळखलं आणि लुगडं चापूनचोपून काढल्याबद्दल मान डोलावली. माझ्या आयुष्यात माझ्या चित्राबद्दल कुणी 'जसंच्या तसं' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. छाती दोन इंच फुगली. मग आबाकाका बोट ठेवून पिशव्या मोजायला लागले. बोट थांबलं.

"हिरवी पिशी खंय आसा?"

सगळ्यांनी चित्रात शोधली. मग फलाटावर शोधली. नातू म्हणाला, माझ्याकडे होती. कुठं ठेवलीस, तर त्याला आठवेना. तो वडापाव खात होता. आबाकाकांचा चेहरा उतरला. "तेतूर देवाचो चांदीचो मुकूट! नि माजो पितांबर!" त्यांनी पुन्हा चित्राकडे बघितलं आणि निकाल दिला. "चित्रात नाय, म्हणजे उतरलीच नाय. गाडयेत रवली!"

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. हिरवा रंग नव्हता म्हणून पिशवी गाळली, एवढं एक वाक्य. पण 'जसाच्या तसा' अजून कानात होतं, आणि पाठीमागे दहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "हं." त्या हुंकाराला पुढं पन्नासेक किलोमीटरचं डिझेल लागलं.

तुतारी सावंतवाडीला थांबते, पुढं जात नाही, तेव्हा गाठता येईल असा हिशेब करून मेव्हण्यानं गाडी काढली. आबाकाका पुढे, मी मागे. माझे रंग, डबा, पंचा सगळं तिथंच टाकून मी निघालो. देवाचा मुकुट हरवलेला असताना कलेचं सामान आवरत बसणं बरं दिसलं नसतं. आबाकाकांनी चित्र काचेला लावून धरलं होतं, वाऱ्यानं सुकावं म्हणून. पुरावा म्हणून ते बरोबर घेतलं होतं. कसाल आलं तेव्हा मी म्हणालो, "काका, खरं म्हणजे ते चित्र..." ते म्हणाले, "तेंच तर, बरा झाला तुमी काढलास!" ओरोसला मी पुन्हा सुरुवात केली, तर मेव्हणा म्हणाला, "भावजी, नंतर बोलू, पुढे ट्रक आहे." कुडाळला आबाकाका बायकोला फोनवर सांगत होते, जावई म्हणजे एकेक नग टिपणारा माणूस. झारापला मी बोलायचा विचार सोडून दिला आणि पिशवी खरोखरच गाडीत राहिली असावी अशी प्रार्थना करायला लागलो.

सावंतवाडीचं स्टेशन मळगावला. गाडी फलाटावर रिकामी उभी होती. सगळे डबे पालथे घातले. मग वर्दीतल्या एका जवानाला गाठलं. तो भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिशवी कशी होती? फोटो आहे?"

"फोटो नाय. चित्र आसा," आबाकाका म्हणाले आणि पुढे केलं.

जवानानं चित्र बघितलं. "यात पिशवी कुठाय?"

"नाय मां! तांच तर!"

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. "हे कधी काढलं?"

"घटनेच्या वेळी," मी म्हणालो.

"आणि हे कोण?" त्यानं पोटावर बोट ठेवलं. आबाकाका म्हणाले, मी. जवानानं एकदा कागदाकडे, एकदा आबाकाकांकडे बघितलं. "जुळतंय," तो म्हणाला. "खाली सही करा. तारीख, वेळ टाका." आजवर माझ्या चित्रावर कुणी सही मागितली नव्हती. मी रोलंडसनसारखी, तिरकी आणि जरा लांबलचक सही ठोकली. ती पुरती ओली असतानाच मेव्हण्याचा फोन वाजला.

कणकवलीहून, फलाटावरच्या चहावाल्याचा. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "तुमच्या जावयांचो रंगाचो डबो हय पडलो हा. आमी उचलून ठेवलाव. पण तेच्या खाली पंचो आसा नि पंच्याखाली येक हिरवी पिशी आसा. ती पण जावयांचीच मां?"

येताना गाडीत कुणी काही बोललं नाही. झारापला बोललं नाही, कुडाळला बोललं नाही. ओरोसला आबाकाका एकदा मागे वळले, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि पुन्हा पुढे वळले. आज मीच त्यांना चित्राचा विषय वाटत असणार.

मुकुट शाबूत होता. पितांबर नव्हता. पाण्याचा पेला कधीतरी कलंडला होता आणि काळी शाई, हिंगूळ आणि निळा असे तिन्ही रंग पंच्यातून, पिशवीतून झिरपत रेशमापर्यंत पोचले होते. चतुर्थीला आबाकाकांनी तोच पितांबर नेसून पूजा केली, कारण दुसरा नव्हता. ते देवासमोर वाकले की मागच्या बाजूला एक मोठा निळसर ढग दिसे, कडेला तांबूस झाक असलेला. बायको कानात म्हणाली, "ओल्यात ओलं काम चांगलं जमलंय. एवढं तुम्हाला कागदावर नाही जमत." माटवीला बांधलेल्या कवंडळांकडे आणि आंब्याच्या टाळांकडे बघत मी गंभीर चेहरा ठेवला.

चित्राचं पुढे काय झालं, तर ते घराण्याच्या मालकीचं झालं. आबाकाकांनी ते गणपतीच्या शेजारच्या भिंतीला लावलं आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येक भजनी मंडळाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, माझ्यासमोर, नकला करून. त्यांच्या तोंडून ऐकताना ती माझ्या चित्रापेक्षा कितीतरी सरस वाटायची. डबलबारीला आलेल्या बुवांनी तर दुसऱ्या रात्री गजरात 'हिरवी पिशी' घालून टाळ्या घेतल्या. माणसं येऊन चित्रात आपापल्या ओळखीचे शोधत, आणि निळा शर्ट पिवळ्या साडीत शिरलाय तिथं थांबून चौकशी करत. मेव्हण्याच्या धाकटीनं एका दुपारी स्केचपेननं नातवाच्या डोक्यावर भली मोठी हिरवी पिशवी काढून टाकली. रंग झकास होता. सासरे म्हणाले, आता बरोबर झालं.

गौरी-गणपती झाले आणि मंडळी परत निघाली. या वेळी सामान दुप्पट. नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, खाजा, तांदळाची गोणी, आणि मुकुट आबाकाकांच्या कुशीत. मी निरोप द्यायला म्हणून फलाटावर उभा होतो, हात रिकामे. आबाकाकांनी सगळ्या पिशव्या एका ओळीत लावून घेतल्या, नातवाला शेवटच्या पिशवीवर बसवलं, आणि खिशातून माझा बोरू आणि एक कोरा कागद काढून माझ्या हातात दिला.

"घेवा. गाडयेक अजून येळ आसा," ते म्हणाले. "पण यावेळी आदी पिशयो काढा. माणसां मागसून काढलास तरी चलात."